राखेचे मोल : भाताचे तूस आणि कुंभाराची माती

दिवाळीच्या सुमारास भाताची मळणी आटोपू लागली म्हणजे कोकणात, मावळात आणि पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत भात गिरण्यांना काम लागते. तांदूळ बाजारात जातो, कोंड्याला तेलाच्या घाण्याकडून आणि गोठ्याकडून मागणी असते. मागे उरते ते तूस. ते बहुधा जाळले जाते. उकडा तांदूळ तयार करणाऱ्या गिरण्या ते आपल्याच बाष्पकाखाली जाळतात, काही वीटभट्टीवाले नेतात, आणि उरलेले गिरणीच्या मागेच धुमसत राहते. या सगळ्यांतून जी काळी-करडी राख उरते, तिचा ढीग गावाच्या कडेला वाढत जातो. वारा सुटला की ती घराघरांत शिरते आणि पावसाळ्यात ओढ्याला मिळते.

त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला कुंभारवाडा असतो. तेथे वेगळीच चिंता असते. माती काळी व चिकट असेल तर मडकी वाळतानाच तडकतात. जी वाचतात त्यांतील काही आव्यात फुटतात. कुंभाराच्या दृष्टीने फुटलेले मडके म्हणजे केवळ माती वाया जाणे नव्हे. माती आणणे, कालवणे, तुडवणे, चाकावर घडवणे, थापटणे, आणि शेवटी आव्यासाठी विकत घेतलेले सरपण, एवढ्या सगळ्या श्रमांचा व खर्चाचा तो नाश असतो.

एका टोकाची राख दुसऱ्या टोकाच्या मातीला उपयोगी पडेल काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. उत्तर होकारार्थी आहे. परंतु तो होकार सरसकट नाही. राख कशाची, ती किती तापावर जळाली आणि तिच्यापासून काय घडवायचे आहे, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय मातीत राख मिसळणे म्हणजे औषधाचे नाव न वाचता मात्रा देण्यासारखे होय. या तीन गोष्टींची माहिती करून देणे, हाच या लेखाचा हेतू आहे.

तुसात सिलिका कोठून येते?

भाताचे पीक जमिनीतील पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका मोठ्या प्रमाणावर शोषून घेते. सिलिका म्हणजे वाळूचे व गारगोटीचे मुख्य द्रव्य. पाणी पानांवाटे हवेत निघून जाते, सिलिका मात्र वनस्पतीच्या अंगात साचत राहते, आणि तिचा मोठा साठा दाण्याभोवतीच्या टरफलात होतो. तुसाचा खरखरीतपणा तिच्यामुळेच असतो. किडीपासून व रोगांपासून दाण्याचे संरक्षण करण्यात या कवचाचा मोठा वाटा आहे. गुरे तूस आवडीने खात नाहीत, आणि ते लवकर कुजतही नाही, याचेही कारण तेच.

भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा असतो, आणि तूस पूर्ण जाळल्यास त्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी राख उरते. म्हणजे एखाद्या गिरणीने हंगामात १००० क्विंटल भात भरडले, तर सुमारे २०० क्विंटल तूस आणि त्यापासून सुमारे ४० क्विंटल राख निघेल. या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. निसर्गाने इतकी बारीक व इतकी शुद्ध सिलिका शेतातून उचलून गिरणीच्या दारात आणून ठेवली आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

सगळ्या राखा सारख्या नसतात

घरातील चुलीची राख आणि तुसाची राख दिसायला सारखी असली, तरी गुणाने निराळी असते. लाकूड, पऱ्हाटी, तुराट्या अशा काष्ठमय इंधनाच्या राखेत चुनखडीचा अंश आणि पोटॅशचे क्षार अधिक असतात. हे पदार्थ मोठ्या तापावर मातीतील सिलिकेला वितळण्यास मदत करतात. शास्त्रीय परिभाषेत त्यांना अभिवाह म्हणतात. तुसाच्या राखेत अभिवाह थोडे आणि सिलिका पुष्कळ. एक राख माती वितळवण्याच्या बाजूची, तर दुसरी तिला आधार देणारी, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

उसाच्या चिपाडाची राख ही तिसरी जात. आपल्या राज्यातील साखर कारखान्यांत चिपाड जाळूनच वाफ तयार होते, त्यामुळे ही राखही विपुल असते. तिच्यातही सिलिकेचे प्रमाण चांगले असते. परंतु उसाबरोबर आलेली शेतातील माती व वाळू तिच्यात मिसळलेली असते आणि अर्धवट जळालेला कोळसाही असतो. म्हणून एका कारखान्याच्या राखेवरून दुसऱ्याच्या राखेविषयी अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

औष्णिक वीज केंद्रातील दगडी कोळशाची राख ही आणखी वेगळी वस्तू आहे. तिच्यात सिलिकेबरोबर ॲल्युमिनाही भरपूर असते. विटांमध्ये तिचा वापर व्हावा यासाठी केंद्र शासनाने सप्टेंबर १९९९ मध्ये अधिसूचना काढली आणि पुढे तिच्यात वेळोवेळी सुधारणा केल्या. ते नियम कोळशाच्या राखेचे आहेत. ते तुसाच्या राखेला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

किती तापावर जळाली?

एकाच तुसापासून दोन वेगळ्या प्रकारची राख होऊ शकते. तूस सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या आत, भरपूर हवा देऊन जाळले, तर सिलिका अस्फटिकी राहते. तिच्या कणांची अंतर्गत रचना विस्कळीत व सच्छिद्र असते आणि त्यामुळे ती इतर द्रव्यांशी लवकर संयोग पावते. हेच तूस ८०० अंशांच्या पुढे बराच वेळ तापत राहिले, तर सिलिकेचे स्फटिक बनू लागतात. त्यांतील क्रिस्टोबलाइट नावाचा स्फटिक कुंभारकामात त्रासदायक ठरतो. सुमारे २०० ते २७० अंशांच्या दरम्यान त्याचे आकारमान एकाएकी बदलते. भाजलेले भांडे निवत असताना किंवा पुन्हा तापवले जात असताना त्याला चीर पडण्याचे हे एक कारण होऊ शकते.

राखेच्या रंगावरून थोडी कल्पना येते. काळी राख म्हणजे तिच्यात न जळालेला कोळसा शिल्लक आहे. करडी किंवा पांढरी राख म्हणजे कोळसा बहुतेक जळून गेला आहे. परंतु पांढरी राख स्फटिकी आहे की अस्फटिकी, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत क्ष-किरणांची चाचणी करावी लागते. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पी. के. मेहता यांनी १९७० च्या दशकात नियंत्रित तापावर तूस जाळून मिळालेल्या राखेचा सिमेंटच्या जोडीने उपयोग करण्यासंबंधी महत्त्वाचे काम केले. त्या कामाचा गाभा हाच होता की राखेचा गुण तिच्या जळण्यावर ठरतो. मृत्तिका उद्योगालाही हेच तत्त्व लागू पडते.

मातीत राख मिसळली म्हणजे काय होते?

काळ्या मातीचे कण अतिशय सूक्ष्म असून ते पाणी शोषून फुगतात. वाळताना पाणी निघून जाते आणि माती आकसते. बाहेरचा भाग आधी आकसतो, आतला मागे राहतो, आणि या ओढाताणीत तडा जातो. कुंभाराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणूनच तो मातीत वाळू, घोड्याची लीद, खापराचा चुरा किंवा राख मिसळत आला आहे. राखेचे कण फुगत नाहीत व आकसत नाहीत. ते चिकट मातीत विखुरले म्हणजे पाण्याला बाहेर पडण्यास वाट मिळते आणि आकसण्याचे प्रमाण घटते. हा राखेचा पहिला उपयोग.

दुसरा उपयोग इंधनाचा. काळ्या राखेतील कोळसा भाजणीच्या वेळी मातीच्या आतच जळतो, त्यामुळे सरपणात काही बचत होते. पण आच फार वेगाने वाढवली, तर बाहेरचा थर आधी पक्का होतो आणि आतल्या कोळशाला हवा मिळत नाही. अशी वीट फोडून पाहिली तर तिचा गाभा काळा दिसतो. कोंडलेल्या वायूमुळे ती कधी फुगते, कधी तडकते. काळी राख घातलेल्या विटांना सुरुवातीस सावकाश आच द्यावी, असे म्हणतात ते यासाठीच.

तिसरा उपयोग, म्हणजे सिलिका वितळून मातीचे कण काचेप्रमाणे सांधणे, हा मोठ्या तापावरच घडतो. गावातील आव्याचा ताप बहुधा ७०० ते ९०० अंशांच्या दरम्यान असतो. तेवढ्या तापावर तुसाची राख फारशी वितळत नाही. म्हणून राख घातल्याने गावची मडकी चिनी मातीसारखी पक्की होतील, असे आश्वासन कोणी दिल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

माठ, वीट आणि कौल

कोळसा जळून गेला की त्याच्या जागी पोकळी राहते. राखेचे कण स्वतःही सच्छिद्र असतात. म्हणून राख घातलेली वस्तू वजनाला हलकी होते, उष्णता कमी वाहू देते, परंतु पाणी अधिक शोषते आणि तिची ताकद घटते. हा गुण की दोष, हे वस्तूवर अवलंबून आहे.

पाण्याच्या माठाला छिद्रे हवीतच. पाणी झिरपून बाहेरच्या अंगावर येते व वाऱ्याने उडून जाते, म्हणून आतले पाणी गार राहते. तेथे बेताची राख उपकारक ठरते. भिंतीच्या विटेत थोडी सच्छिद्रता चालते. घर उन्हाळ्यात कमी तापते, हा लाभच होय. परंतु भारतीय मानकानुसार साध्या भाजलेल्या विटेची ताकद दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन असली पाहिजे, आणि सामान्य प्रतीच्या विटेने २४ तास पाण्यात ठेवल्यावर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषता कामा नये. राखेचे प्रमाण वाढवत गेल्यास या दोन्ही मर्यादा ओलांडल्या जाण्याचा संभव असतो. कौलाच्या बाबतीत तर सच्छिद्रता हा उघड दोष आहे. पावसाळ्यात गळणारे कौल हलके असून काय उपयोग? एकच राख माठाला तारक, विटेला बेताने चालणारी आणि कौलाला मारक ठरू शकते.

याच्या उलट, जेथे उष्णता अडवणे हेच मुख्य काम असते, तेथे ही राख फार मोलाची आहे. पोलादाच्या कारखान्यांत वितळलेल्या धातूची उष्णता टिकावी म्हणून त्याच्यावर तुसाची राख पसरतात. भट्ट्यांच्या अस्तरासाठी लागणाऱ्या उष्णतारोधक विटांमध्येही तिचा वापर होतो.

झिलई आणि चिनी मातीची भांडी

राखेचे दुसरे क्षेत्र आहे १२०० अंशांच्या आसपास भाजल्या जाणाऱ्या भांड्यांचे. चीनमध्ये शांग राजवटीच्या काळापासून, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपासून, भांड्यांवर राखेची झिलई आढळते. भट्टीत उडालेली लाकडाची राख तापलेल्या भांड्यावर बसून वितळत असे, हे पाहूनच कुंभारांना ही कल्पना सुचली असावी. जपानमध्ये ‘नुका’ नावाची झिलई भाताच्या तुसाच्या किंवा पेंढ्याच्या राखेत लाकडाची राख व फेल्स्पार मिसळून तयार करतात. तुसाची राख सिलिका पुरवते, लाकडाची राख ती वितळवते. निवताना काचेत अतिसूक्ष्म थेंब वेगळे होतात आणि प्रकाश विखुरल्यामुळे झिलईला दुधाळ, किंचित निळसर छटा येते. वर सांगितलेला दोन राखांमधील भेद येथे फार सुंदर रीतीने उपयोगात आणलेला दिसतो.

चिनी मातीची भांडी साधारणतः केओलिन, फेल्स्पार व क्वॉर्ट्झ या तिघांच्या मिश्रणातून होतात. क्वॉर्ट्झ ही स्फटिकी सिलिका. ५७३ अंशांवर तिचे आकारमान एकाएकी बदलते, आणि त्यामुळे तिच्या कणांभोवती बारीक चिरा पडतात. तिच्या जागी अस्फटिकी राख काही प्रमाणात वापरली, तर ती वितळलेल्या फेल्स्पारमध्ये लवकर विरघळते. भारतीय संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा बदलामुळे भांडे कमी तापावर पक्के होते, असे दिसून आले. भट्टीचा ताप थोडा जरी उतरला तरी इंधनाच्या खर्चात बचत होते, हे वेगळे सांगणे नको. मात्र या कामासाठी राख पांढरी, स्वच्छ आणि नेहमी एकसारखी लागते. गिरणीमागच्या ढिगातून उचललेली राख तेथे चालत नाही.

गावात करून पाहण्याजोगी चाचणी

माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षक आणि गावातील अनुभवी कुंभार एकत्र आल्यास राखेची प्राथमिक परीक्षा अल्प खर्चात होऊ शकते.

प्रथम राख ओळखावी. चिमूटभर राखेवर लिंबाचा रस टाकावा. फसफसून बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडीचा अंश आहे. ती लाकडाची किंवा भेसळीची असावी. तुसाची शुद्ध राख फारशी फसफसत नाही. मग चमचाभर काळी राख लोखंडी पळीत लाल होईपर्यंत तापवावी. ती करडी झाली आणि वजनात घटली, तर जेवढी घट तेवढा कोळसा होता, असे ढोबळमानाने समजावे.

त्यानंतर नेहमीची माती वाळवून, कुटून, चाळून घ्यावी. तिचे चार वाटे करावेत. एकात राख मुळीच घालू नये. उरलेल्या तिघांत वजनाने ५, १० आणि १५ टक्के चाळलेली राख मिसळावी. प्रत्येक वाट्याच्या सारख्या मापाच्या दहा-दहा पट्ट्या पाडाव्यात आणि ओल्या मातीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढावी. पट्ट्या सावलीत वाळल्यावर ती रेघ पुन्हा मोजावी. ती ९.२ सेंटिमीटर भरली, तर माती ८ टक्के आकसली. किती पट्ट्यांना तडे गेले, याचीही नोंद ठेवावी.

पुढे सर्व पट्ट्या नेहमीच्याच आव्यात, नेहमीच्या मालाबरोबर, जवळजवळ ठेवून भाजाव्यात. थंड झाल्यावर प्रत्येकीचे वजन करून ती २४ तास पाण्यात ठेवावी, पुसून पुन्हा वजन करावे. कोरडी पट्टी २०० ग्रॅम आणि भिजलेली २३६ ग्रॅम भरली, तर तिने १८ टक्के पाणी शोषले. ताकदीचा अंदाज कुंभार बोटाच्या टिचकीने घेईलच. खणखणीत आणि बद्द आवाजातील फरक त्याच्या कानाला जितका कळतो तितका इतरांना कळत नाही. आणखी खात्री हवी असल्यास निवडलेल्या मिश्रणाच्या पुऱ्या आकाराच्या विटा पाडून जवळच्या तंत्रनिकेतनातील किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रयोगशाळेत त्यांची दाबचाचणी करून घ्यावी.

राख न घातलेला वाटा या चाचणीत सर्वांत महत्त्वाचा आहे. तो नसेल तर गुण राखेचा की त्या दिवशीच्या चांगल्या आचेचा, हे कधीच कळणार नाही.

धुळीपासून सावधगिरी

राख हलकी असते आणि नाकातोंडात सहज जाते. तिच्यातील सिलिका स्फटिकी झालेली असेल तर अशा धुळीचा दीर्घकाळ संपर्क फुप्फुसांना घातक ठरतो. सिलिकोसिस हा त्यातून होणारा रोग बरा होत नाही. म्हणून राख कोरडी चाळण्याचे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आणि नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून करावे. साठवलेली राख ओलसर ठेवावी. विद्यार्थ्यांकडून राख चाळण्याचे काम करवून घेऊ नये. प्लास्टिक, रबर किंवा इतर कचरा जाळलेल्या ठिकाणची राख तर पाण्याच्या व स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी कदापि वापरू नये.

शेताचा हक्क पहिला

तुसाची राख कुंभाराने न्यावी असे सुचवताना शेताला विसरून चालणार नाही. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भात लागवडीत रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळण्याची शिफारस आहे. तिच्यातील सिलिकेमुळे रोपे कणखर होतात. शेतातून निघालेली सिलिका शेतालाच परत मिळते, यासारखा दुसरा सदुपयोग नाही. म्हणून रोपवाटिकेची गरज भागल्यावर उरणारी राख हीच कुंभाराची राख, असा क्रम ठेवणे इष्ट होईल.

ग्रामपंचायतीने काय करावे?

या कामासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही; हवी आहे ती सांगड. गिरणीमालकाने तुसाची राख इतर कचऱ्यापासून वेगळी, एका खड्ड्यात, झाकून ठेवावी. ग्रामपंचायतीने त्या जागेची व्यवस्था पाहावी. शाळेने चाचणीची नोंदवही ठेवावी. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे ग्रामोदय संघाने कुंभारकामाच्या प्रशिक्षणाचे मोठे कार्य केले आहे; अशा संस्थांचा अनुभवही मार्गदर्शक ठरेल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत कुंभार व्यवसायाचा समावेश असून तिच्यातील अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. पंचायत सदस्यांनी आपल्या कुंभारवाड्यातील किती कारागिरांची नावे त्यात गेली, एवढे पाहिले तरी पुष्कळ काम होईल.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. वरून आदेश आला म्हणून सर्व कुंभारांना ठरावीक प्रमाणात राख वापरण्यास सांगणे योग्य नव्हे. दहा टक्के राखेने एका गावची माती सुधारेल, तर शेजारच्या गावची वाळूमिश्रित माती त्याच प्रमाणाने ठिसूळ होईल. ज्याचा आवा फुटतो त्याचा महिन्याचा संसार फुटतो. नुकसान सल्ला देणाऱ्याचे होत नाही. म्हणून आधी दहा पट्ट्या, मग एक लहान आवा, आणि मगच पुरा माल, असा क्रम असावा.

तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या मस्तकावर थापटी मारून कोणते मडके कच्चे ते सांगितल्याची कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. नव्या मिश्रणाचाही निर्णय त्या थापटीवरच सोपवावा. ढिगातली राख कचरा आहे की द्रव्य, हे शेवटी भाजून निघालेल्या मडक्याच्या आवाजावरूनच ठरणार आहे.